धावताना नामाची लय

पहिला आठवडा किलोमीटर मोजूच नका. दोन मिनिटं हळू धावा, एक मिनिट चाला, असे सात फेरे. एकवीस मिनिटांत भागतं. नाम घ्यायचं तर पावलांवर घ्या. तीन पावलं श्वास आत, तीन पावलं बाहेर, आणि सोडताना ‘राम, कृष्ण, हरी’, एका पावलाला एक शब्द. शब्द ओठांवर येईना, धाप लागली, म्हणजे वेग जास्त झाला. नव्यांचं नेमकं इथेच बिघडतं: निघतात मन शांत करायला आणि शर्यत लावतात घड्याळाशी!

खान्देशात वेळ चुकली की सगळं चुकलं. मे महिन्यात सहाच्या आत उजाडतं आणि ऊन लगेच चटके देऊ लागतं, म्हणून साडेपाचला बाहेर पडा. जानेवारीत सूर्यच सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा घाई नको. जळगावात मेहरूण तलावाचा काठ बरा. शिवाररस्ता असेल तर पावसानंतर दोन दिवस टाळा. काळी माती बुटाच्या तळाला थरावर थर धरते, पाय जड होऊन मुरगळतो.

इअरफोन घरीच राहू द्या. हिवाळ्यात केळीच्या बागेशेजारी थांबलात तर दव खालच्या वाळक्या पानांवर पडल्याचा टपटप आवाज येतो. तिथे डोळे उघडे ठेवून दहा श्वास उभे राहा. मात्र धावता धावता एकदम थबकू नका, आधी मिनिटभर चाला, नाहीतर गरगरतं. रोज काही जाणवेलच असं नाही. कोरड्या दिवशीही फेरे तेवढेच ठेवा.