आईला गुडघेदुखीसाठी ट्रामाडॉल सुरू आहे, यापेक्षा सौम्य काही मिळेल का?

मिळेल. पण आजच्या आज गोळी बंद करू नका. आई ६८ वर्षांच्या, दोन्ही गुडघे झिजलेले, काही महिने रोज दोन गोळ्या आणि आता दिवसभर गुंगी नि बद्धकोष्ठ, असं तुम्ही लिहिलंय. इतके दिवस घेतलेली ट्रामाडॉल एकदम तोडली की घाम येतो, जीव बेचैन होतो, जुलाब लागतात, झोप उडते. घरच्यांना वाटतं दुखणं उसळलं, आणि गोळी परत सुरू होते. डॉक्टरांकडूनच ती हळूहळू कमी करून घ्या. मनाच्या आजाराची गोळी चालू असेल तर तीही दाखवा, दोन्ही मिळून घोळ होऊ शकतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, औषधं लिहून देत नाही. पण स्ट्रिप उलटी करून वाचायची सवय लावते सगळ्यांना. पॅरासिटामॉल ३२५ च्या शेजारी बारीक अक्षरात ट्रामाडॉल ३७.५ असतं, आणि घरात ती 'साधी पेनकिलर' म्हणून फिरते. अफू मेंदूत जिथे काम करते तिथेच ट्रामाडॉल काम करतं. २०१८ पासून ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या २४० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. कंबर, खुबा, गुडघ्याच्या जुनाट दुखण्यात ओपिऑइड (अफूसारखी काम करणारी औषधं) घेणाऱ्यांची हालचाल वर्षभराने इतरांपेक्षा सुधारली नव्हती, दुखणं तर थोडं जास्तच होतं. (कॅन्सरच्या दुखण्याचा हिशेब वेगळा, तिथे मॉर्फीनला घाबरू नये.)

गुडघ्यावर वरून लावायचं डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं जेल आधी डॉक्टरांना विचारा. पोटात घ्यायच्या डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅकच्या गोळ्यांना मात्र सौम्य समजू नका. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर त्या महागात पडतात.

आता माझ्या हातातलं. आईंना पलंगावर पाय पसरून बसवा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. गुंडाळी गुडघ्याने खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. मांडीचा पुढचा स्नायू टणक झालेला हाताला लागला पाहिजे. नाही लागला तर त्या नुसता पाय हलवताहेत. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. सुरुवातीला थोडं दुखेल, ते चालतं. दुसऱ्या दिवशी सूज दिसली तर कमी करा.

काठी जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. बरेच लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात, मग म्हणतात काठीचा उपयोग नाही! खाली मांडी घालून बसणं बंद, उकिडवं बसायचा संडास असेल तर त्यावर कमोडची खुर्ची. वजन उतरवता आलं तर उत्तमच, पण ६८ व्या वर्षी ते सांगणं सोपं, करणं कठीण.

व्यायामाला सहा ते आठ आठवडे द्या. गोळी कमी करण्याचा वेग डॉक्टरांशी बोलून त्याच्याशी जुळवून घ्या.