ढेकळांवर डेकल बसत नाही

गाड्यांच्या मॉडेलवर पाण्यातून सुटणारी डेकल (पातळ पारदर्शक पापुद्र्यावर छापलेले नंबर, पट्टे, चित्रं) लावणाऱ्यांचे बरेच प्रश्न साचलेत, त्यातले जे पुन्हा पुन्हा येऊ लागलेत ते आज घेतो.

परभणी : दादा, १/२४ ची (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाच्या मापाची) रॅली कार करायलोय. बॉनेट मॅट काळं मारलंय अन् त्यावर नंबराचं डेकल लावलं, तर वाळल्यावर भोवतीनं चांदीसारखं चमकायलंय. डेकलच खराब निघालं का?

डेकल बिचारं चांगलंय, खालची जमीन खराब आहे. मॅट रंग हाताला गुळगुळीत लागतो पण भिंगातून बघा, नांगरलेलं रान असतं ते, नुसती ढेकळं. त्या रानावर ओलं धोतर अंथरलं तर ते ढेकळांच्या डोक्यावर टेकतं अन् मधल्या खड्ड्यांत हवा राहते, डेकलच्या पारदर्शक पापुद्र्याचं अगदी तेच होतं. ती अडकलेली हवा उजेड परत फेकते, ती तुमची चांदी. ह्याला सिल्व्हरिंग म्हणतात.

म्हणून नियम असा की गाडी शेवटी मॅट दिसायची असली तरी डेकल लावताना ती चकचकीतच पाहिजे. रंग नीट वाळला की ग्लॉस क्लिअरचे (चकचकीत पारदर्शक लेपाचे) दोन हलके हात, एक दिवस थांबायचं, मग डेकल, मग अजून एक दिवस, मग ओल्या कपड्यानं हलकं पुसून वरून मॅट क्लिअर. सगळा मॅटपणा परत येतो, कुणाला कळत पण नाही मधे काय झालं होतं. अन् डेकलच्या आधी बॉडी भांडे घासायच्या साबणानं धुवा, बोटाचं तेल राहिलं की तिथंही हवा धरते.

आता जे लावून बसलात त्याचं : बारीक सुईनं चंदेरी भागात टोचे मारा, त्यावर सॉफ्टनरचा (डेकल मऊ करणाऱ्या औषधाचा) थेंब सोडा, तो भोकांतून खाली उतरतो अन् पापुद्रा बसतो. एकदा केल्यानं होत नाही, तीन-चार वेळा करावं लागतं, मधे वाळू द्यायचं. तरी नाहीच गेलं तर मास्किंग टेप दाबून उपटून काढा अन् नवीन लावा, फक्त खालचा रंग पक्का बसलेला पाहिजे, नाहीतर तोही टेपसोबत येतो.

बीड : डेकल मस्त बसलं पण सकाळी बघतो तर कडेनं पांढरे गोल डाग. पुसलं तरी जाईनात. हे काय झालं?

पाणी कोणतं घेतलं? बोअरचं असणार. आपल्याकडच्या बोअरला क्षार किती असतात ते गीझरची कॉइल काढून बघितली की समजतं, तोच थर तुमच्या गाडीवर बसलाय. मी स्वतः हे भोगलंय. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, घरात प्यायचं पाणी मोजून, त्यात "मला गाडीला डेकल लावायचंय, वाटीभर द्या" म्हणायची कुणाची टाप होती, म्हणून मी गुपचूप बोअरचं घेतलं अन् गडद निळ्या गाडीवर सगळी रांगोळी उमटली.

डेकलला पाणी लागतंच किती, एक वाटी. आरओचं घ्या, किंवा बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मिळतो तो आणा, वर्षभर पुरतो. (कॅन वाचून घ्या, त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही ठेवलेलं असतं.) पडलेले डाग क्लिअर मारायच्या आधीच काढायचे : एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी, इअरबडनं हलकं फिरवायचं अन् लगेच चांगल्या पाण्यानं पुसायचं. डाग पांढरा भुकटीसारखा नसून पिवळसर चिकट असेल तर ते क्षार नाहीत, डेकलचा डिंक आहे, तो नुसत्या कोमट पाण्यानं निघतो.

अजून एक. डेकल पाण्यात टाकून विसरायचं नसतं. दहा-पंधरा सेकंद बुडवून टिशूवर काढून ठेवा, मिनिटभरात ते कागदावर आपोआप सरकायला लागतं. पाण्यातच पडून राहिलं तर डिंक धुऊन जातो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी कोमट सोडा, चटका बसेल इतकं असतं, ते घेऊ नका. कूलर अन् पंखा तेवढ्यापुरता बंद, शक्यतो सकाळी सातच्या आत काम उरकायचं, नाहीतर डेकल जागेवर सरकवायच्या आधीच चिकटून बसतं. जिथं लावायचं तिथं आधी ब्रशनं पाणी लावून ठेवलं की सरकवायला वेळ मिळतो.

नांदेड : मायक्रो सेट अन् मायक्रो सोल दोन्ही घ्यावेच लागतात का? लई महाग पडायलंय. व्हिनेगर चालतं म्हणतात.

दोघांचं काम वेगळं आहे. सेट आधी, डेकलच्या खाली लावायचं, त्यानं पाणी नीट पसरतं अन् डेकल पकडतं. सोल नंतर, वरून, ते पापुद्रा मऊ करून बॉडीच्या खाचाखोचांत बसवतं. सेटच्या जागी पातळ केलेलं साधं पांढरं व्हिनेगर बऱ्यापैकी चालतं (सेटची बाटली उघडून वास घ्या, ओळखीचा वाटेल). सोलच्या जागी मात्र काही जुगाड सांगणार नाही. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर असलं काही लावलं तर डेकलही जाईल अन् खालचा रंगही. एकच बाटली परवडत असेल तर सॉफ्टनर घ्या, मायक्रो सोल नाहीतर मिस्टर मार्क सॉफ्टर, एका बाटलीत भरपूर गाड्या होतात.

धाराशिव : सॉफ्टनर लावलं अन् डेकल पार सुरकुतलं, म्हाताऱ्याच्या कातडीसारखं. मी बोटानं सपाट करायला गेलो तर फाटलं. आता?

आता दुसरं डेकल शोधा, दुसरं काय. सुरकुतणं म्हणजे औषध लागू पडलं. त्या वेळी ते ओल्या पापडासारखं असतं, हात लावायचाच नाही, खोलीतून उठून चहा प्यायला जायचं. अर्ध्या-पाऊण तासात ते स्वतःच ताणून बसतं. नाहीच बसलं तर पूर्ण वाळल्यावर दुसरा हात. दाराच्या फटीवरून पट्टा गेला असेल तर वाळल्यावर नव्या ब्लेडनं फटीतून कापायचं अन् तिथं परत थोडं सॉफ्टनर, मग रंगवल्यासारखं दिसतं. टामिया ह्या जपानी कंपनीच्या किटमधली डेकल जरा जाड असतात, त्यांना दोन-तीन हात लागतात. कार्टोग्राफ ह्या इटलीच्या कंपनीनं छापलेली असतील तर ती पातळ असतात, त्यांना पहिला हात जपूनच. दरवेळी शीटच्या कोपऱ्यातलं बिनकामाचं डेकल आधी भंगार झाकणावर लावून बघा.

छत्रपती संभाजीनगर : काकांनी जपून ठेवलेलं जुनं किट मिळालं. डेकल शीट पिवळी पडलीय. वापरता येईल का?

दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या. पिवळेपणा उन्हानं जातो : शीट झिपच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, छापील बाजू बाहेर. काही दिवसांत फरक पडतो, पण रोज बघत जा, आपलं ऊन लाल अन् निळा रंगही उडवतं. दुसरी गोष्ट म्हणजे पापुद्रा. कोपऱ्यातलं एक पाण्यात टाका, तुकडे झाले तर बाकीच्या शीटवर आधी लिक्विड डेकल फिल्म (वाळून नवा पापुद्रा होणारं द्रव) किंवा ग्लॉस क्लिअरचा पातळ हात मारा, वाळू द्या. त्यानंतर पूर्ण शीट एकच पापुद्रा होते, म्हणून प्रत्येक डेकल अगदी कडेला लागून कापावं लागतं.

जालना : सर, मुलगा आठवीत आहे, हे सगळं घरात करतो. वासाचा त्रास होईल का?

ताई, डेकल अन् पाणी ह्यात काही नाही. सॉफ्टनर खिडकी उघडून, थेंबाथेंबानं. स्प्रे मात्र बाहेर, मास्क लावून, अन् पहिले काही दिवस मोठं माणूस सोबत असू द्या. पावसाळ्यात दमट दिवशी स्प्रे नकोच. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी धरतं अन् क्लिअर दुधासारखं पांढरं होतं. अन् डेकलवर पहिला हात एकदम ओला नाही, नुसता शिडकावा, नाहीतर लॅकर डेकल खाऊन टाकतं.

लातूर : १/२४ च्या ॲम्बॅसेडरला एमएच २४ ची पाटी लावायचीय, नंबर ४१४१. झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलं तर?

आधी माप. कारची खरी पाटी ५०० बाय १२० मिलिमीटर, २४ नं भागलं की २०.८ बाय ५. दुकानातलं मशीन लेझर असतं, म्हणून डेकल पेपरही लेझरचाच न्या, इंकजेटचा घातला तर आतल्या गरम रोलरला वितळून चिकटेल अन् दुकानदार तुम्हाला परत दारात उभं करणार नाही. घरच्या इंकजेटवर छापलं तर उलटं, छपाई वाळल्यावर क्लिअरचे दोन-तीन पातळ हात मारल्याशिवाय पाण्यात घालायचं नाही, सगळी शाई वाहून जाते. प्रिंटर पांढरं छापत नाही, म्हणून पातळ प्लास्टिक त्या मापात कापून पांढरं रंगवा, ग्लॉस मारा, वर पारदर्शक पेपरवरची काळी अक्षरं. टॅक्सी करायची असेल तर पाटी पिवळी.

४१४१ चं "दादा" करायचं असेल तर खुशाल करा, १/२४ च्या गाडीला आरटीओ अडवत नाही.