नामवंत क्वार्टरबॅक गेल्यावर संघाने काय करावे? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

संघाचा बिनीचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती घेऊन चेंडू फेकणारा खेळाडू, निवृत्त झाला किंवा दुसऱ्या संघात गेला, तर त्याची जागा कशी भरावी, या एकाच विषयावर या वेळी इतके प्रश्न आले आहेत की बाकीचे विषय बाजूला ठेवून त्यांतील निवडक प्रश्न येथे घेत आहे. येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकेतील एनएफएलचा फुटबॉल, कोल्हापुरात किंवा गोव्यात खेळला जातो तो नव्हे.

प्रश्न : मी दोन हंगामांपासून एनएफएल पाहतो. मैदानावर अकरा खेळाडू असताना एका क्वार्टरबॅकच्या जाण्याने संघ एवढा का कोलमडतो? क्रिकेटमध्ये मोठा फलंदाज गेला तरी संघ चालतच राहतो. (पुणे)

उत्तर : क्रिकेटमध्ये धावांचा भार सहा-सात जणांत वाटता येतो, येथे ती सोय नाही. आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातातून सुरू होते. प्रशिक्षकाचा आवाज त्याच्या हेल्मेटमधील रेडिओवर येतो खरा, पण चाल सुरू करण्याच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद होतो, आणि त्यानंतर समोरची बचावफळी पाहून चाल बदलायची की तीच ठेवायची, पाचपर्यंत धावणाऱ्या साथीदारांपैकी कोणाकडे चेंडू फेकायचा, हे त्याला एकट्यालाच ठरवावे लागते, तेही अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड खेळाडूंना चुकवत. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळी आहे. एखादा क्वार्टरबॅक दहा-पंधरा वर्षे टिकला की चालींची सगळी परिभाषा त्याच्या सवयींभोवती रचली जाते, आणि तो जातो तेव्हा त्या परिभाषेचा मोठा हिस्सा त्याच्याबरोबर जातो. म्हणून ‘आता चेंडू कोण फेकणार?’ एवढाच प्रश्न विचारणारा संघ फसतो. उरलेले दहा जण आता कोणत्या पद्धतीने खेळणार, हे त्याआधी ठरायला हवे.

प्रश्न : टॉम ब्रेडी गेल्यानंतर पेट्रियट्सचे नेमके काय चुकले? बिल बेलिचिकसारखा प्रशिक्षक असूनही संघ तळाला कसा गेला? (बॉस्टन)

उत्तर : या प्रश्नाला मी सर्वांत जास्त जागा देतो आहे, कारण त्यात एक सोडून तीन वेगवेगळ्या चुका आहेत आणि लोक बहुधा चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतात.

पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक ब्रेडी २०२० च्या मार्चमध्ये टॅम्पा बेच्या संघात गेला. पेट्रियट्सने २०१४ मध्येच ड्राफ्टच्या, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, दुसऱ्या फेरीत जिमी गरोपोलोला घेऊन ठेवले होते. परंतु ब्रेडी चाळिशीतही उत्तम खेळत राहिला आणि २०१७ च्या ऑक्टोबरअखेर गरोपोलोला दुसऱ्या फेरीतील एका निवडीच्या हक्काच्या बदल्यात सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकले. तो निर्णय मी चुकीचा मानत नाही. त्यानंतर एक सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला गेला. चूक पुढची आहे. २०१८ आणि २०१९ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीच्या आधी त्यांनी एकही क्वार्टरबॅक निवडला नाही, आणि २०२० मध्ये तर ब्रेडी गेलेला असतानाही कोणत्याच फेरीत निवडला नाही. वारसदार सोडून दिल्यावर दुसरा शोधायचा, ही साधी गोष्ट राहून गेली. अखेरीस उन्हाळ्यात कॅम न्यूटनशी एक वर्षाचा करार झाला आणि संघ ७-९ वर, म्हणजे सात विजय आणि नऊ पराभवांवर, थांबला. त्या वर्षी कोविडमुळे संघातील आठ खेळाडूंनी हंगामातून माघार घेतली होती आणि ब्रेडीच्या जुन्या कराराचे १ कोटी ३५ लाख डॉलर संघाच्या पगारमर्यादेत, म्हणजे एका हंगामात खेळाडूंवर खर्च करता येणाऱ्या रकमेत, मोजले जात होते. त्यामुळे केवळ त्या निकालावरून न्यूटनला दोष देणे मला पटत नाही.

२०२१ मध्ये पंधराव्या क्रमांकावर मॅक जोन्सला घेतले, तो पहिल्या सामन्यापासून खेळला, आणि संघ १०-७ अशा कामगिरीसह बाद फेरीत पोहोचला. तेथे बफेलोने ४७-१७ असा फडशा पाडला, तरी पहिल्या वर्षाच्या खेळाडूकडून एवढे पुष्कळ होते. येथपर्यंत वाट सुधारत होती. मग आक्रमणाचे प्रशिक्षक जॉश मॅकडॅनियल्स लास व्हेगासचे मुख्य प्रशिक्षक होऊन गेले आणि त्यांच्या जागी चाली सांगण्याचे काम मॅट पॅट्रिशिया यांच्याकडे आले, ज्यांची कारकीर्द मुख्यतः बचावाच्या प्रशिक्षणात घडली होती. तिसऱ्या वर्षी पुन्हा नवे प्रशिक्षक आले. तीन वर्षांत तीन माणसांकडून तीन पद्धती शिकणाऱ्या तरुणाचा खेळ बिघडला नसता तरच नवल. २०२३ मध्ये ४-१३ अशी अवस्था झाली, बेलिचिक गेले, आणि जोन्सला सहाव्या फेरीच्या एका निवडीवर जॅक्सनव्हिलला दिले.

जोन्स हा मोठा खेळाडू झाला असता, असा दावा मी करत नाही. पण वारसदाराला किमान एक भाषा नीट शिकू द्यावी लागते आणि ती संधी त्याला मिळाली नाही. त्याउलट ड्रेक मे याचे पाहा. २०२४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर तो आला, त्या वर्षी संघ पुन्हा ४-१३ वर राहिला. पुढच्या वर्षी मॅकडॅनियल्स परतले, त्याच्या डाव्या बाजूच्या संरक्षणासाठी ड्राफ्टमधील चौथी निवड विल कॅम्पबेलवर खर्च झाली, आणि संघाने १४ सामने जिंकले. ब्रेडी गेल्यापासून पाच हंगाम वाया गेले होते, आणि ते सगळे वाया जाण्याचे कारण नव्हते.

प्रश्न : मग ग्रीन बेची पद्धत सर्वांत चांगली म्हणायची का? पण जुना खेळाडू चांगला खेळत असताना त्याच्या उरावर दुसरा आणून बसवणे हा त्याच्यावर अन्याय नाही का? (मिलवॉकी)

उत्तर : प्रश्नातील तळमळ मला समजते. ग्रीन बेने २००५ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह असताना ड्राफ्टमध्ये चोविसाव्या क्रमांकावर ॲरन रॉजर्सला घेतले. तो तीन हंगाम बाकावर बसला. २०२० मध्ये रॉजर्स असताना सव्विसाव्या क्रमांकावर जॉर्डन लव्हला घेतले. तोही तीन हंगाम बसला. दोन्ही वेळी जुन्या खेळाडूची पाठवणी कडवटपणे झाली आणि दोघेही तेथून न्यू यॉर्क जेट्समध्येच गेले. तरीही लव्ह आल्यानंतरच्या दोन्ही हंगामांत, २०२० आणि २०२१ मध्ये, लीगचा सर्वोत्तम खेळाडू रॉजर्सच ठरला, म्हणजे वारसदाराच्या येण्याने त्याचा खेळ ढासळला नाही. संघाने जुन्या खेळाडूला आधी विश्वासात घ्यावे, बातमी त्याला दूरचित्रवाणीवरून कळू नये, एवढे त्याचे ऋण नक्कीच आहे. त्याच्या इच्छेखातर पुढची दहा वर्षे पणाला लावणे हे मात्र त्यात येत नाही.

या पद्धतीचा खरा दोष दुसराच आहे. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा आणि तुलनेने फार स्वस्त असतो. त्या काळात वाचलेला पैसा संघ बाकी खेळाडूंवर खर्च करू शकतो. वारसदाराला तीन वर्षे बसवले की ती स्वस्त वर्षे बाकावरच सरतात. लव्ह जेमतेम एक हंगाम खेळला आणि २०२४ मध्ये त्याला चार वर्षांसाठी २२ कोटी डॉलरचा करार द्यावा लागला. म्हणून कॅन्सस सिटीने जे केले ते मला अधिक नेमके वाटते. २०१७ मध्ये पॅट्रिक माहोम्सला दहाव्या क्रमांकावर घेतले, एक वर्ष ॲलेक्स स्मिथच्या हाताखाली ठेवले, शेवटच्या एका सामन्यात खेळवले, आणि लगेच स्मिथला वॉशिंग्टनला देऊन जागा मोकळी केली.

प्रश्न : ड्राफ्टचा जुगार खेळण्यापेक्षा तयार, अनुभवी क्वार्टरबॅक विकत घेणे बरे नाही का? (डेन्व्हर)

उत्तर : डेन्व्हरच्या वाचकाने हे विचारावे, यामागचे दुःख मी जाणतो. पेटन मॅनिंग २०१६ मध्ये निवृत्त झाल्यावर तेथे एकामागून एक क्वार्टरबॅक येत-जात राहिले आणि २०२२ मध्ये रसेल विल्सनसाठी पहिल्या फेरीच्या दोन, दुसऱ्या फेरीच्या दोन, पाचव्या फेरीची एक निवड आणि तीन खेळाडू सिॲटलला दिले गेले. त्यावर, एकही सामना होण्यापूर्वी, पाच वर्षांसाठी २४.५ कोटी डॉलरचा नवा करार झाला. पहिल्या हंगामात संघ ५-१२, आणि दोनच हंगामांनी त्याला सोडून देताना ८.५ कोटी डॉलरचा बोजा पगारमर्यादेत राहिला. त्याच २०२२ मध्ये सिॲटलने कित्येक वर्षे राखीव म्हणून राहिलेल्या जीनो स्मिथला पुढे केले, बाद फेरी गाठली, आणि डेन्व्हरच्या निवडींतून चार्ल्स क्रॉस व डेव्हन विदरस्पून असे दोन खंदे खेळाडू मिळवले.

पण खरेदी कधीच करू नये, असे मी म्हणणार नाही. लॉस एंजेलिस रॅम्सने पहिल्या फेरीच्या दोन निवडी देऊन मॅथ्यू स्टॅफर्डला आणले आणि पहिल्याच हंगामात सुपर बोल जिंकला. तो संघ आधीच तयार होता, उणीव एकाच जागेची होती. डेन्व्हरनेच २०१२ मध्ये मॅनिंगला आणले तेव्हा तो करारमुक्त होता. त्यासाठी एकही निवड द्यावी लागली नव्हती. संघ तयार नसेल तर निवडी विकू नयेत, कारण संरक्षक खेळाडूंच्या ज्या भिंतीआड तो महागडा खेळाडू उभा राहणार असतो, ती भिंत त्याच निवडींतून बांधायची असते.

प्रश्न : अँड्र्यू लक हंगामाच्या तोंडावर अचानक निवृत्त झाला. अशा वेळी कोणता संघ काय करू शकणार? (इंडियानापोलिस)

उत्तर : २४ ऑगस्ट २०१९ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी इंडियानापोलिसचा क्वार्टरबॅक लक थांबला, आणि त्या हंगामाच्या ७-९ निकालाबद्दल संघाला दोष देणे अन्यायाचे होईल. त्यापुढचे मात्र टाळता आले असते. २०२० मध्ये फिलिप रिव्हर्स, २०२१ मध्ये कार्सन वेंट्झ, २०२२ मध्ये मॅट रायन असा दरवर्षी नवा अनुभवी क्वार्टरबॅक आणला. संघ बरा होता, म्हणून निकाल मध्यम येत, आणि मध्यम निकालांमुळे ड्राफ्टमधील वरच्या निवडी, ज्या तळाच्या संघांना मिळतात, हाती लागत नसत.

त्याच काळात फिलाडेल्फियाकडे वेंट्झ होता आणि त्याच्याशी मोठा करारही झालेला होता. तरीही २०२० मध्ये दुसऱ्या फेरीत, त्रेपन्नाव्या क्रमांकावर, त्यांनी जेलन हर्ट्सला घेतले. वर्षभराने त्यांनी वेंट्झ इंडियानापोलिसला विकला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत हर्ट्सने सुपर बोल जिंकला. हर्ट्स एवढा मोठा होईल हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणूनच दर एक-दोन वर्षांनी एक तरुण क्वार्टरबॅक घेऊन पाहावा, असे माझे मत आहे. १९९० च्या दशकात फार्व्ह एकही सामना चुकवत नसताना ग्रीन बेने मार्क ब्रुनेल, मॅट हॅसलबेक, ॲरन ब्रुक्स असे क्वार्टरबॅक पाचव्या, सहाव्या आणि चौथ्या फेरीत घेतले. तिघेही पुढे दुसऱ्या संघांचे मुख्य क्वार्टरबॅक झाले आणि त्यांच्या मोबदल्यात ग्रीन बेला निवडी मिळाल्या.

प्रश्न : वारसदाराला किती वेळ द्यावा? ईलाय मॅनिंगनंतर आमच्या जायंट्सने डॅनियल जोन्सला सहा वर्षे दिली आणि शेवटी सोडून दिले. (न्यू जर्सी)

उत्तर : एकाच प्रशिक्षकाखाली सलग दोन पूर्ण हंगाम द्यावेत, आणि निर्णय मोठ्या कराराच्या आधी घ्यावा. जोन्सला तीन मुख्य प्रशिक्षक मिळाले आणि २०२२ च्या एका चांगल्या हंगामाच्या जोरावर १६ कोटी डॉलरचा करारही मिळाला. म्हणजे आधी धीर कमी पडला आणि मग घाई झाली. पहिल्या वर्षी जय-पराजय मोजू नका. तीच चूक पुन्हा होते का, आणि दडपणाखाली तो दुसऱ्या-तिसऱ्या साथीदारापर्यंत नजर नेतो का, ते पाहा. मुख्य क्वार्टरबॅक म्हणून रॉजर्सच्या पहिल्या हंगामात, २००८ मध्ये, ग्रीन बे ६-१० राहिले, पण त्याचे २८ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी, होते आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला तो १३ वेळाच. लव्हच्याही अशा पहिल्या हंगामात संघ ३-६ वर होता तेव्हा त्याला बसवा, असा ओरडा झाला. उरलेल्या आठपैकी सहा सामने जिंकून तो संघ बाद फेरीत गेला आणि तेथे डॅलसला त्यांच्याच मैदानावर ४८-३२ असे हरवून आला.