माता-बाल आरोग्यातल्या संशोधकाचं काम पेपरांच्या यादीवरून कसं जोखायचं?

तुमचा प्रश्न असा : एमपीएचसाठी (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) गाईड निवडायचाय, एकाच्या नावावर १४० संशोधन-पेपर आहेत, दुसऱ्याच्या नावावर ३०, तर कोणाकडे जावं?

आकडा बघा, पण सगळ्यात शेवटी. मी एका वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या विभागात आहे. प्रमोशनच्या फायली दरवर्षी माझ्या टेबलावरून जातात. एकाच सर्व्हेचे तीन तुकडे करून तीन पेपर कसे पाडतात ते चांगलं ठाऊक आहे. (अशा एका तुकड्यावर माझंही नाव आहे, उगाच सोवळं कशाला नेसू?)

यादी खालून वर वाचा, म्हणजे सगळ्यात जुन्या पेपरपासून. एका पेपराच्या पोटातून पुढचा प्रश्न निघतोय का ते बघा. मी विद्यार्थ्यांना नेहमी गडचिरोलीच्या खेड्यांत काम करणाऱ्या डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग या जोडप्याची यादी देते.

१९८९ चा लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकातला पेपर. पहिलं नाव, म्हणजे मुख्य लेखकाचं, राणीताईंचं. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग. आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन, एवढाच सरकारी हिशेब असायचा तेव्हाची ही गोष्ट.

पुढच्याच वर्षी, पुन्हा लॅन्सेटमध्ये, मुलांचा न्यूमोनिया. गावातल्याच कार्यकर्त्यांनी ६१२ आजारी मुलांना औषध दिलं, त्यांत मृत्यू ०.८ टक्के. तुलनेच्या भागात १३.५ टक्के. पण मला जास्त आवडतं ते त्यामागचं मण्यांचं यंत्र. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास मोजावे लागतात, आणि दाईला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नाही. मग एक मिनिटाची वाळूची घटिका आणि शेजारी मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की काम झालं. पेपरांच्या संख्येत हे यंत्र कुठे धरणार, सांगा!

न्यूमोनियाचं जमलं, तरी पहिल्या महिन्यातले मृत्यू उरलेच. म्हणून १९९९ चा पेपर : ३९ गावांत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी, ४७ गावं तुलनेला. आरोग्यदूत बाई बाळाचं वजन करते, ऊब देते, जंतुदोषाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही देते. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट. मधल्या नऊ वर्षांत मोठं काही झालं नाही असं नुसती यादी चाळणाऱ्याला वाटेल. पण त्यातच १९९३ पासून गावोगाव जन्म-मृत्यूंची पायाभूत नोंद चालली होती.

उलट २००५ मध्ये यादी एकदम फुगते. जर्नल ऑफ पेरिनॅटॉलॉजीची अख्खी पुरवणीच त्या प्रयोगावर निघाली. तेव्हा आकडा असा चकवतोही. मात्र एका प्रयोगाचे अनेक पेपर म्हणजे तुकडेच, असंही समजू नका. जन्मताच न रडलेल्या बाळाला तोंडाने श्वास द्यावा, नळी-मुखवट्याने की पिशवी-मुखवट्याने, हा वेगळाच प्रश्न आहे आणि तो वेगळाच तपासलाय.

भक्तिभावाने मात्र वाचू नका. १९९९ च्या प्रयोगात कोणत्या गावांत घरभेटी आणि कोणती गावं तुलनेला, हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं नव्हतं, तेव्हा शंका घ्यायला जागा आहेच. म्हणून हाच विचार दुसरीकडे कोणी करून बघितला का, हे शोधा. बांगलादेशात सिल्हेटला अशाच घरभेटींचा प्रयोग झाला, तिथे चिठ्ठ्याही टाकल्या होत्या. २००८ ला तो छापून आला. घट ३४ टक्के. गडचिरोलीपेक्षा कमी, पण दिशा तीच. २०११ ला आपल्या सरकारने आशांच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या, घरभेटी सुरू केल्या : दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर सहा, घरच्या बाळंतपणानंतर सात. इंजेक्शन मात्र सरसकट आशांच्या हाती दिलं नाही, आणि माझ्या मते औषधाचा अर्धा डोस तिथेच सांडला.

आता तुमच्या दोन गाईडांकडे. दोघांचे पहिले पाच आणि शेवटचे पाच पेपर काढा. पहिलं नाव कोणाचं, त्यात त्यांचे विद्यार्थी आहेत का, ते बघा. आणि दोघांपैकी कोणी बाई असतील तर माहेरच्या आडनावानेही शोधा. माझेच चार पेपर लग्नाआधीच्या नावावर आहेत. नवीन नाव घालून शोधलं तर त्या काळात मी काहीच केलं नाही असं दिसतं.