तेलक्षेत्रावर वीज आणि वाफ एकत्र बनवतो, गॅसचा खर्च कमी कसा करायचा? सॉफ्टवेअर घ्यावं का?

तुमच्याकडे दोन गॅस टर्बाइन, त्यांच्यामागे वेस्ट हीट बॉयलर (एक्झॉस्टच्या उष्णतेवर वाफ बनवणारे) आणि तरीही क्रूड तापवायला वेगळे हीटर चालू, असं तुम्ही लिहिलंय. मी अशाच फील्डवर युटिलिटी सांभाळली आहे म्हणून सांगतो, सॉफ्टवेअर नंतर बघू, आधी दोन्ही मशीनचा लोड बघा.

बहुधा दोन्ही अर्ध्या लोडवर असतील, एक ट्रिप झालं (अचानक बंद पडलं) तर काय या भीतीने. हिशोब करा, 5 मेगावॅटचं मशीन फुल लोडला समजा 30 टक्के एफिशियन्सी देतं, म्हणजे गॅस लागतो साधारण 16.7 मेगावॅटचा, तेच 5 मेगावॅट दोघांत वाटले आणि एफिशियन्सी 24 वर आली की लागतो 20.8 चा. रात्रंदिवस चार मेगावॅटचा गॅस जास्तीचा. भीती खोटी नाहीये, ईएसपी (विहिरीत खोल बसवलेले विजेवरचे पंप) बंद पडले की ट्यूबिंगमधली (तेल वर आणणाऱ्या नळीतली) वाळू खाली बसते आणि पंप पुन्हा सुरू होताना अडकतो. पण ग्रिड किंवा गॅस इंजिनचा आधार असेल तर एकच मशीन फुल लोडवर चालवा आणि लोड शेडिंग नीट लावा, ट्रिप झालं की पहिले वॉटर इंजेक्शन पंप (जमिनीखाली पाणी सोडणारे) बंद व्हावेत आणि ईएसपी चालू राहावेत.

आता उष्णता. आमच्याकडे स्टॅकचं (धुराड्याचं) टेंपरेचर 310 डिग्री दिसायचं आणि तिथून हाकेच्या अंतरावर हीटर ट्रीटरचा (क्रूड तापवून त्यातलं पाणी वेगळं करणाऱ्या टाकीचा) बर्नर धडधडत असायचा, मला ते बघवायचं नाही. शेवटी स्टॅकची उष्णता तिकडे नेणारा हॉट ऑइलचा लूप टाकला तेव्हा बर्नर बंद झाला. फक्त गॅसमध्ये एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) असेल तर स्टॅक फार थंड करू नका, ॲसिड जमून ट्यूब खातं. आणि तापवण्याआधी फ्री वॉटर (आपोआप खाली बसणारं पाणी) काढा हो! पाणी तापवायला तेवढ्याच वजनाच्या क्रूडच्या जवळपास दुप्पट उष्णता लागते, वॉटर कट (विहिरीतून येणाऱ्या द्रवातलं पाण्याचं प्रमाण) वाढत गेला की सगळा गॅस पाणी तापवण्यातच जातो.

वाफ कमी पडली तर डक्ट बर्नर (बॉयलरच्या आधी एक्झॉस्टच्या वाटेतला बर्नर) लावा, टर्बाइनच्या एक्झॉस्टमध्ये साधारण 15 टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो, वेगळी हवा तापवावी लागत नाही.

गॅसची किंमत मात्र खरी धरा. फ्लेअरला (उघड्यावर जाळायला) जात असेल तर वाचवलेला गॅस विकायची सोय होईपर्यंत हातात काही येत नाही, आणि पाइपलाइन असेल तर विक्रीचा भाव धरा, "आपलाच गॅस आहे" म्हणून शून्य नको.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर दोन मशीनसाठी लोड आणि गॅसचं तासातासाचं एक्सेल पुरतं. स्टॅक टेंपरेचर आणि एच-टू-एस किती आहे तेवढं कमेंटमध्ये टाका, मग बघू किती उष्णता काढता येईल.