दार रंधू नका, आधी आरसा घ्या

प्रश्न : गुहागरला आमचं जांभ्याचं घर आहे. पुढचं दार सागवानी फळ्यांचं, तोंड पश्चिमेला. आषाढ लागला की दार फुगतं, कडीच्या बाजूने घासतं, खाली जास्तच. चौकटीशेजारच्या गिलाव्याला हातभर उंचीपर्यंत ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात. सुतार म्हणतो, दोन सूत रंधून देतो. द्यावं का? आणि ही ओल भिंतीतली की हवेतली?
– एक वाचक

उत्तर : आत्ता अजिबात रंधू नका. दापोलीला आमचं दार वडिलांनी भर श्रावणात रंधून घेतलं होतं. चैत्रात लाकूड सुकलं आणि बोट जाईल एवढी फट पडली. पुढच्या वर्षी झड थेट ओटीवर.

दार उघडून त्याच्या खालच्या कडेखाली छोटा आरसा सरकवा. बहुतेक तिथे लाकूड काळवंडलेलं, उघडं दिसेल. रंगारी दार न उतरवता रंगवतो, त्यामुळे ती कड कोरीच राहते. फळ्यांच्या लाकडाचे तंतू उभे. खालची टोकं म्हणजे उघड्या नळ्याच. उंबऱ्यावर साचलेलं पाणी त्या ओढत राहतात, म्हणून दार खाली जास्त फुगतं.

ओलीचं म्हणाल, तर भिंतीवर वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दुसऱ्या दिवशी पाण्याचे थेंब मागच्या बाजूला दिसले तर ओल भिंतीतली, पुढून दिसले तर हवेतली. तुमच्या वर्णनावरून मला भिंतीतलीच वाटते. जांभा सच्छिद्र, खालून पाणी चढतं, आणि सिमेंटचा गिलावा व प्लास्टिक पेंट यांखाली ते कोंडतं.

या पावसापुरती बाहेरून झापं (नारळाच्या विणलेल्या झावळ्या) बांधा आणि पाय पुसायचं ओलं गोणपाट उंबऱ्याला टेकवून ठेवू नका. दार उतरवायचं ते एप्रिलमध्ये, पूर्ण सुकल्यावर. खालच्या कडेला प्रायमर आणि ऑइलपेंटचे दोन हात द्या. बाहेरून तळाशी उतरती लाकडी पट्टी ठोका, तिच्या पोटाला खाच हवीच, नाहीतर पाणी पट्टीखालून वळून पुन्हा दारालाच लागतं. उंबऱ्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या. चौकटीचे पाय फरशीत गाडलेले असतील तर टोचा मारून बघा. लाकूड मऊ लागलं तर तेवढं कापून खाली दगड बसवा. जुन्या घरांत खांबाखाली तळखडा असायचा तो यासाठीच.

गिलावा सर्वांत शेवटी. सिमेंटचा काढून भिंत महिना-दोन महिने उघडी सुकू द्या, मग चुन्याचा करा. त्यावर प्लास्टिक पेंट मात्र लावू नका.