माळ्यावरची फ्रेम, तीन गिअर आणि बोटभर फट

प्रश्न : माळा आवरताना बाबांची जुनी स्टीलची सायकल निघाली. चाकं पार गंजलीत, फ्रेम मात्र धड दिसते. माझं ऑफिस सहा किलोमीटरवर आहे, वाटेत एक चढ आहे. सध्याच्या एकवीस गिअरच्या सायकलला मी वैतागले आहे. गिअर सतत बिघडतात आणि कपड्यांना चेनचं काळं लागतं. बाबांच्या फ्रेमवर शहरात चालवायला साधी सायकल बांधून घ्यावी का? यजमान म्हणतात, त्यापेक्षा तयार घे.

उत्तर : यजमानांचं म्हणणं व्यवहाराचं आहे. पण फ्रेम सरळ असेल तर त्यांचं ऐकू नका. मी हयात लेथवर काढली, त्यामुळे माझा कल कुठे असणार ते उघड आहे.

आधी फ्रेम सरळ आहे का बघा. मागच्या चाकाचा ॲक्सल ज्या खाचांत बसतो, त्यातल्या उजव्या खाचेला सुतळी बांधा, ती पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून डाव्या खाचेपर्यंत आणा आणि ताणून धरा. आता सीटखालची नळी आणि सुतळी यांच्यातलं अंतर दोन्ही बाजूंनी पट्टीने मोजा. सारखं आलं तर फ्रेम सरळ. मग जोडांपाशी रंग फुगलाय का, चीर आहे का, तेही पाहा. आणि जरा वेळ काढून त्या जोडांवरून नख फिरवा. नळ्या जिथे मिळतात तिथली लोखंडी बाही कडेला निमुळती होत गेलेली असेल, तर कुणीतरी त्यावर कानस चालवायला वेळ दिलेला आहे. सायकल दहा फुटांवरून बघणाऱ्याला हे दिसत नाही. म्हणूनच मला ते आवडतं.

गिअर काढून टाकू नका, चढावर गुडघे बोलतील. मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, पोटातले तीन गिअर घ्या. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला 1902 साली सुरू झालेल्या स्टर्मी-आर्चर कंपनीचा ‘एडब्ल्यू’ हब 1930च्या दशकातला आहे. मधला गिअर सरळ, खालचा चतुर्थांशाने हलका, वरचा तृतीयांशाने जड, बस्स. पुढे 44 दाते आणि मागे 20 लावलेत, तर पायाच्या एका फेरीत मधल्या गिअरला चाक 2.2 फेऱ्या घेतं, खालच्याला 1.65. तुमच्या चढाला एवढं बहुतेक पुरेल. नाही पुरलं तर मागचं चक्र 22 दात्यांचं करा. चेन एकाच रेषेत चालते, त्यामुळे तिच्यावर पूर्ण चेनकव्हर बसतं आणि कपड्यांचा प्रश्न तिथेच मिटतो.

या हबच्या जुन्या घडणीची एक खोड आहे. केबल सैल-घट्ट झाली की दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये पॅडल रिकामं फिरतं, आणि उभं राहून पॅडल मारत असाल तर दात शाबूत ठेवा. त्यावर बनवणाऱ्यांनीच उपाय करून ठेवलाय. उजव्या लांब नटाला एक छोटं भोक आहे. मधल्या गिअरला त्यातून आत पाहिलं की गिअरच्या केबलच्या टोकाला असलेल्या बारीक साखळीला जोडलेल्या दांडीचा खांदा ॲक्सलच्या टोकाशी बरोबर जुळलेला दिसायला हवा. नसेल तर केबलचा स्क्रू फिरवा. माप घ्यायचं साधन नटातच! मी पहिल्यांदा ते भोक तेलासाठी असेल असं समजलो होतो.

एक चूक मात्र मी केली, ती तुम्ही करू नका. माझी पहिली फ्रेम दिसायला देखणी होती, पण तिच्या खाचा उभ्या होत्या. चाक मागेपुढे सरकेना, चेन ताणता येईना, आणि ती दर आठवड्याला उतरायची. शेवटी ताण देणारी स्प्रिंगची कप्पी लावली, ती मला आजही बघवत नाही. जुन्या सायकलींच्या खाचा बहुतेक आडव्या असतात, तरी बघून घ्या. खाचांमधलं अंतर हबपेक्षा पाच-सात मिलिमीटर कमी भरलं तर स्टीलच्या फ्रेमचा मागचा चिमटा जपून फाकवता येतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला तसला प्रयोग करायचा नाही.

रिम ॲल्युमिनियमच्याच घ्या. ओल्या स्टीलच्या रिमवर ब्रेक लागत नाहीत, घसरतात. जुन्या चाकांच्या टायरवर 28 × 1½ लिहिलेलं असेल तर त्या रिमचा व्यास 635 मिलिमीटर. तिथे 622 ची रिम बसवली की ती फ्रेमपासून 6.5 मिलिमीटर आत जाते. ब्रेकचे गट्टे तेवढे खाली पोचतात का, हे ब्रेक विकत घेण्याआधी तपासा. वर उरलेली जागा मडगार्डला द्या. टायर आणि मडगार्ड यांच्यात बोटभर फट हवी, नाहीतर चिखल अडकून बसतो. मडगार्डची कड आत वळलेली बघून घ्या, म्हणजे पाणी बाजूने न उडता खाली उतरतं. पुढच्याच्या टोकाला रबरी पट्टी लावा, तीही जमिनीला जवळजवळ टेकणारी. बूट कोरडे राहतात.

पॅडल काढताना डावं उलट्या आट्यांचं असतं हे ध्यानात असू द्या. मी पान्यावर लटकलो होतो.

सुतळीचं माप आणि खाचांमधलं अंतर कळवा, चाकं त्यानंतर मागवा.